आज कितवी माळ?

घटाला माती आणायला तुम्हाला पाठवलं आहे. हातात पितळी ताट, ताटात हळदीकुंकवाचा करंडा. "रस्त्याकडची नको, बांधावरचीबी नको. पेरलेल्या रानातली आण," आई उंबऱ्यातून सांगते. "आधी तिला हळदीकुंकू लाव, मग हात घाल."

तीर्थपुरीच्या बाजारात घटस्थापनेची गडबड आहे. झेंडूचे ढीग, विड्याच्या पानांच्या चळती, पोत्यावर मांडलेले मातीचे घट, आणि एका हातगाड्यावर प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलेली माती. शहरातल्या माणसाला ती पिशवी उपयोगी पडते, हे खरं. पण इथे गाव संपलं की चारी बाजूंना रानच सुरू होतं. तुमचा पाय त्या गाड्यापाशी जरा अडखळतो आणि पुढे निघतो. वाटेत कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, मग मोसंबीची बाग, मग सोयाबीन काढून झालेलं तुमचं रान. त्यात तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या आहेत.

तुम्ही वाकून मातीला कुंकू लावता. काळी, चिकट, पावसाने जड झालेली माती. या जमिनीची एक खोड शेतकऱ्याला ठाऊक असते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आटली की भेगाळते. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते. पुढच्या पावसात खालची फुगते आणि वर ढकलली जाते. नांगर लावला नाही तरी ही जमीन आपली आपण उलथत राहते. म्हणून तिच्यात वर्षं एकावर एक नीट रचलेली सापडत नाहीत. काल जे वर होतं ते खाली गेलेलं असतं, आणि पणजोबांच्या पायाखालचं ढेकूळ आज तुमच्या ओंजळीत येऊ शकतं.

तुरीच्या बुडाशी एक भेग अजून बुजलेली नाही. तुम्ही बोटं घालता. मनगट जातं. कोपर जातं. आत गार आहे, मग कोमट, मग एकदम कोरडं.

हात बाहेर काढता तेव्हा ऊन बदललेलं असतं.

ऊस नाही. मोसंबी नाही. कालवा नाही. तेच रान, पण बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेलं. बाजरी वीतभर वाढून उभीच्या उभी वाळली आहे. हे १९७२ साल आहे, ऑक्टोबर महिना, शुक्रवार. पलीकडच्या माळावर लुगड्याचा ओचा धरून एक म्हातारी पिवळी फुलं खुडते आहे. सगळा माळ करपला असताना तेवढं एक झुडूप पिवळंजर्द आहे.

"तरवड हाय," ती तुमच्याकडे न बघता म्हणते. "झेंडू कुठला यंदा! ह्याला मातर कोणी पाणी घालाया लागत नाही. सहावी माळ हाय आज." मग मान वर करते. "कोणाचं लेकरू तू? चल घरी, ऊन लागंल."

तुम्ही तिच्या मागे चालता. नवरात्रात दिवस तारखेने मोजत नाहीत, वारानेही नाही. पहिली माळ, दुसरी माळ, तिसरी माळ. रोज एक माळ घटावर चढते आणि आधीची काढली जात नाही. ज्या घरात कॅलेंडर नाही त्या घरात दिवस असे छताच्या आढ्याला लोंबत राहतात. आणि म्हातारीने ही माळ माळावरून आणली आहे. एकच शब्द, एक ओसाड जमिनीचा आणि एक फुलांचा. दुष्काळात ते दोन्ही एकमेकांना भेटलेले तुम्ही बघता.

देवघर म्हणजे माजघराचा एक अंधारा कोपरा. डोळे सरावायला वेळ लागतो. आधी दिवा दिसतो, करडईच्या तेलाचा, नऊ दिवस न विझणारा. मग घट. पत्रावळीवर मातीचा थर, थरात पेरलेलं धान्य, मधोमध मातीची लहानशी घागर, तिच्या तोंडाशी विड्याची पानं आणि नारळ. शेजारी देवाचे टाक एकेका पानावर बसवलेले. "देव बसलेत," असं म्हणतात तिकडे. म्हणजे नऊ दिवस त्यांना जागचं हलवायचं नाही, रोजची अंघोळही नाही. तुम्ही कारण विचारता. म्हातारी तुमच्याकडे अशी बघते, जणू तुम्ही शेतकऱ्याच्या घरचं लेकरू नाहीच.

"पेरलेलं उकरून बघत्यात का कोणी?"

ती पिण्याच्या तांब्यातलं पाणी अर्धं घटात ओतते. विहीर तळाला गेली आहे, एक घागर भरायला रात्र लागते, तरी हे अर्धं घटाचं. घागर भाजलेल्या मातीची आहे, पण तिचं अंग सच्छिद्र आहे. पाणी त्यातून झिरपतं, भोवतालची माती तेवढीच ओली राहते, एका दिवसात जेवढी हवी तेवढीच. वरून पाणी ओतलं असतं तर बी कुजलं असतं. बुडातून झिरपून, दमादमाने पाणी देण्याची ही रीत आहे आणि ती देवघरात आहे. देवघरात उजेड नाही, म्हणून कोंब हिरवे होत नाहीत. फिकट पिवळे, लांब, हळदीच्या अंगाचे. शेतात असा पिवळा कोंब दिसला असता तर शेतकऱ्याला धडकी भरली असती. इथे तो देवीचा रंग आहे.

संध्याकाळी घरचा कर्ता येतो. दुष्काळी कामावर खडी फोडून आला आहे. केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ. तो आधी पाणी मागत नाही. हातपाय धुवायला पाणी नाहीच. तो तसाच देवघरात जातो, गुडघ्यावर बसतो आणि दिवा हाताने जरा जवळ सरकवतो. ज्वारीचे कोंब बोट बोट आलेत. बाजरी विरळ आहे. गव्हाला बुरशी धरली आहे, एकही दाणा फुटलेला नाही. पेरलेली प्रत्येक चिमूट घरातल्या बियाण्याच्या कणगीतली आहे. तो बराच वेळ ज्वारीकडे बघतो. त्याचे ओठ हलतात. तो जप करत नाही, तो कोंब मोजतो आहे.

"माय," तो म्हणतो, "शाळू जिता हाय. कणगीला हात लावू नका."

म्हणजे यंदा उपाशी राहायचं, पण ते बी खायचं नाही. कधीतरी पाऊस येईल तेव्हा ते जमिनीत जाईल.

प्रतीक हा शब्द या घरात कुणी उच्चारलेला नाही. आपण शिकलेली माणसं सणांकडे बघताना विचारतो की घट म्हणजे काय, माळ म्हणजे काय, दिवा म्हणजे काय. जणू प्रत्येक वस्तूच्या मागे दुसरं काही लपलेलं असतं आणि ते हुडकून काढायचं असतं. इथे, या धुळीने माखलेल्या माणसाच्या शेजारी बसून, मला तरी त्या प्रश्नाची दिशा उलटी वाटते. घटात शेताची खूण नाही. घटात शेतच आहे, ताटाएवढं. देवी त्या मातीच्या पलीकडे कुठे बसलेली नाही. ती त्या ज्वारीच्या कोंबात आहे, आणि ती आहे की नाही हे सहाव्या माळेला डोळ्यांनी दिसतं. माणूस मग तिच्यापुढे डोकं टेकतो तेव्हा त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शुक्रवार म्हणून म्हातारी जोगव्याला निघते. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. पाच घरं मागायची. घरात धान्य असलेल्यानेही मागायचं, नसलेल्यानेही. गावातल्या मोठ्या वाड्याची सून तिच्याच मागून येते आहे, अनवाणी, तिच्याही हातात परडी. म्हातारी ज्या पहिल्या दारात उभी राहते तिथली बाई डब्याच्या तळाला हात घालते, आणि चिमूटभर पीठ परडीत पडतं. नंतर तीच बाई म्हाताऱ्या माउलीच्या दारात येईल आणि तिलाही चिमूटभर मिळेल. कुणाचंच पोट यावर भरत नाही. पण ज्या वर्षी सगळं गाव सरकारकडे हात पसरून उभं आहे, त्या वर्षी मागण्याची लाज या परडीने थोडी हलकी केली असेल असं तुम्हाला वाटत राहतं. आणि जिच्याकडे काही उरलेलं नाही तिलाही आज देता येतं, हे तर तुम्ही डोळ्यांनी बघता.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. येत्या महिन्यांत रेशनला परदेशातला लाल मिलो येईल, कामावर सुकडी वाटतील, जनावरं कवडीमोलाने जातील. तिकडे पैठणला १९६५ साली पायाभरणी झालेलं धरण १९७६ मध्ये पुरं होईल, जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर धावत या बाजूने जाईल, आणि ह्याच रानात ऊस उभा राहील. खडी फोडण्याच्या या कामातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा होईल. तुम्हाला हे म्हातारीला सांगायचं आहे. तोंड उघडता, पण तुमचा आवाज या सालात उमटत नाही. ती परडीतलं पीठ निरखत बसली आहे.

"उद्या कितवी माळ?" ती स्वतःलाच विचारते.

सातवी. तिच्या दारातून बाहेर पाऊल टाकता आणि अष्टमीच्या रात्रीत उतरता, जवळजवळ दोनशे वर्षं मागे.

अंबडची वाट बैलगाड्यांनी भरली आहे. शतक अठरावं, त्याचा शेवट जवळ आलेला. अंबड होळकरांकडे आहे, आणि दूर महेश्वरात अहिल्याबाई राज्य करताहेत. गाडीत कुणीतरी जांब गावाचा विषय काढतं. तिथे १६०८ साली रामनवमीला जन्मलेल्या, बोहल्यावरून पळालेल्या मुलाची गोष्ट दीडशेहून जास्त वर्षांनीही पोरांना झोपवायला सांगितली जाते. चैत्रात त्याच्या रामाचं नवरात्र, आश्विनात हे देवीचं. एक सुगी घरात आल्यावरचं, एक रब्बीच्या पेरणीच्या तोंडावरचं.

मग अंधारात टेकडी दिसते. कुणी सांगायची गरज पडत नाही. दिवट्यांच्या उजेडात तिची पाठ, तिचं निमुळतं तोंड, तिचं शेपूट दिसतं. काळ्या रानात येऊन पडलेला मासा. तिच्यावर मत्स्योदरी. पायऱ्यांवर इतकी माणसं आहेत की तुम्ही चढत नाही, चढवले जाता. या पायऱ्या आणि गावातली बारव पुढची माणसं अहिल्याबाईंच्याच नावाने सांगत राहतील. गाभाऱ्यात महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती. दर्शन क्षणाचं होतं, शेंदूर आणि डोळे, आणि मागून रेटा येतो.

तुम्ही बाहेर दगडावर टेकता आणि नाव मनात घोळवता. मत्स्य आणि उदर. माशाचं पोट. समुद्रापासून शेकडो मैल आत, सह्याद्रीच्या आडोशाला पावसाने नेहमी हात आखडता घेतलेल्या मुलखात, लोकांनी आपली देवी माशाच्या पोटात का बसवली? मासा पाण्यात असतो. जिथे मासा आहे तिथे पाणी आहे. आणि पोट म्हणजे पुन्हा घटच. गोल, बंद, आत ओल धरून ठेवणारा. म्हातारीच्या पत्रावळीवर जो वीतभर होता तो इथे डोंगराएवढा झाला आहे. शास्त्रीबुवा कदाचित मान हलवतील. पण या खडकावर बसून पायथ्याच्या कोरड्या रानाकडे बघितलं की मला दुसरा अर्थ सुचत नाही.

खाली गोंधळ उभा राहिला आहे. संबळ कडाडते, तुणतुणं तिच्या मागे लागतं, एकाच्या हातात दिवटी. गोंधळी गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावतो, एकेकाला, पाहुण्याला पान मांडून ठेवल्यासारखं. तुळजापूरचं नाव आलं की गर्दीतल्या बाया हात जोडतात. तिथली भवानी घटस्थापनेआधी शेजेवर निजलेली असते. घोर निद्रा म्हणतात तिला. प्रतिपदेला ती उठून सिंहासनावर बसते तेव्हा घट बसतात. पुढे दसरा झाला की पुन्हा निजते, ती पौर्णिमेला उठायला. जिची झोप मोजली जाते अशी ही देवी आहे. बीसुद्धा निजतं, आणि कणगीत ते किती दिवस निजू शकतं हे शेतकऱ्याला ठाऊक असावं लागतं.

संबळेचा ठेका मंद होतो. कडाड जाऊन थप्प राहतो. थप्प, थप्प. आता तो हाताच्या पंजाचा आवाज आहे, ओल्या जमिनीवर.

तुम्ही एका कुडाच्या घरात आहात. बाहेर नदी आहे. घोडनदी, पुण्याकडच्या मुलखातली. इसवी सनापूर्वीची सुमारे १३०० वर्षं. इनामगाव हे नाव या वस्तीला अजून मिळालेलं नाही, आणि १९६८पासून डेक्कन कॉलेजची माणसं हंगामामागून हंगाम इथे खोदणार आहेत हेही कुणाला ठाऊक नाही. एक बाई जमीन चोपते आहे. कोपऱ्यात तिने खळगा केला आहे. शेजारी जवाची ओंजळ, आणि मातीची एक लांबट डबी, झाकणासकट.

डबीत ती एक मूर्ती ठेवते. कच्च्या मातीची, न भाजलेली. हातात मावेल एवढी, बाईची, आणि तिला डोकं नाही. झाकण लावते. झाकणावर दुसरी मूर्ती, हिला डोकं आहे. सोबत मातीचा एक बैल, त्याच्या पाठीवर छिद्र, त्या बिनडोक्याच्या देवीला बसता यावं असं. मग ती सगळं खळग्यात उतरवते आणि वरून जमीन सारवून टाकते. थप्प, थप्प. घराच्या पायाखाली देवी पेरली जाते.

न भाजलेली माती ओल लागली की पुन्हा माती होते, हे या कुंभारकामात वाढलेल्या बाईला माहीत नसेल असं शक्यच नाही. तिने ती मुद्दाम कच्ची ठेवली आहे, असं मी धरून चालतो. तीन हजार वर्षांनी डेक्कन कॉलेजचे ढवळीकर आणि त्यांचे सहकारी ती अलगद वर काढतील तोवर ती कशी टिकली, याचंच नवल.

डोकं का नाही, असं विचारायला तुम्ही पुढे सरता. पण पुढची चित्रं तुमच्या डोळ्यांपुढून आपोआप सरकायला लागतात. सातवाहनांच्या काळात तेरसारख्या गावांत हीच बाई पुन्हा घडवली जाते. पुढे तिच्या मानेवर उमललेलं कमळ येतं. रा. चिं. ढेरे १९७८ साली 'लज्जागौरी' हे पुस्तक लिहितात आणि या देवीचा माग काढत कुंभापर्यंत, वारुळापर्यंत, भूमीपर्यंत जातात. आणि मग म्हातारीचा घट. पोट, गळा, गळ्यावर विड्याची पानं, पानांत नारळ. तिला डोकं नव्हतंच कधी. जिथे डोकं असतं तिथे तिने काहीतरी उगवायला जागा ठेवली होती.

सारवलेल्या जमिनीवर तुम्ही तळवा ठेवता. ओल आहे. ती हाताला धरून वर ओढते.

नववी माळ चढली असणार, कारण कुणीतरी घट उठवला आहे आणि सगळीकडे कडाकण्या वाटल्या जाताहेत. पुन्हा तीर्थपुरीचंच शिवार. पण ऊस नाही. साल १९४८. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, दसरा. निजामाने शरणागती पत्करून महिनाही झालेला नाही. १७ सप्टेंबर ही तारीख अजून कुणाच्या तोंडी बसलेली नाही. लोक नुसतंच "झालं ते" म्हणतात.

पुरुष गावाबाहेर निघाले आहेत, शिलंगणाला. टोपीत, पटक्यात घटाचे पिवळे कोंब खोचलेले. सीमा ओलांडायची हा आजचा विधी, आणि गेली कितीतरी पिढ्या गावाच्या वेशीपलीकडच्या आपट्याच्या झाडापर्यंत जाऊन तो पुरा होत आला आहे. यंदा त्यांच्यात असा एकजण आहे जो वर्षभर संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे राहून परवाच परतला. त्याच्यासाठी सीमा नकाशावरची होती, तिच्यावर पहारा होता. तो वेशीशी थांबतो. बाकीचे पुढे जातात, तो तिथेच उभा राहून टोपीतला कोंब पुन्हापुन्हा चाचपत राहतो.

गावातली काही दारं बंद आहेत. काही घरांतली माणसं अजून परतलेली नाहीत. काही दारांमागे माणसं आहेत, पण या काही आठवड्यांत भीतीने आपली बाजू बदलली आहे. एक म्हातारा आपट्याची पानं घेऊन अशा एका बंद दाराशी जातो, कडी वाजवतो. बराच वेळ काही होत नाही. मग फळी किलकिली होते, एक हात बाहेर येतो, सोनं घेतो. म्हातारा काही बोलत नाही. आतूनही काही आवाज येत नाही. फळी पुन्हा लागते. म्हातारा पुढच्या दाराकडे वळतो.

तुम्हीही हात पुढे करता. तळहातावर पान पडतं, दोन पाकळ्यांचं, खरबरीत.

मूठ उघडता तेव्हा तीत पान आहे आणि काळी माती आहे. तुरीच्या बुडाशी तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. ताट भरलं आहे. तुम्ही घरी जाता, आई पत्रावळीवर माती पसरते, चिमूट चिमूट धान्य टाकते आणि घागरीत पाणी ओतते.

मग पहिली माळ, दुसरी, तिसरी. कामावरून येता-जाता तुम्ही देवघरात डोकावता. सहाव्या माळेला, कुणी बघत नाही असं पाहून, तुम्ही दिवा जरा जवळ ओढता आणि मोजता. ज्वारी आली आहे. गहूही आला आहे. बाजरी नेहमीसारखी विरळ.

दसऱ्याला आई कोंब खुडते, थोडे देवाला, थोडे तुमच्या कानावर. पत्रावळ तुमच्या हातात देते. मुळांनी विणलेली मातीची वडी, ताटाच्या आकाराची.

"जिथून आणली तिथंच टाकून ये."

तुरीला फुलं लागली आहेत. ऊन तापलंय, आणि तुरीच्या बुडाशी ती भेग आता जरा रुंद झाली आहे. तुम्ही वडी फोडता, ढेकूळ ढेकूळ करून आत सोडता. शेवटचं ढेकूळ पडल्याचा आवाज येत नाही.